लिझावेता आणि निषादी : अपराध्याला न आठवणारी माणसं

तिसरा प्रहर

दस्तयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीवर चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा सावकारीण म्हातारीपासून निघते आणि नेपोलियनपाशी येऊन थांबते. असामान्य माणसाला कायदा मोडायचा हक्क असतो का, म्हातारीचा खून करणारा रास्कोल्निकोव्ह स्वतःला असामान्य का समजत होता, तपास करणाऱ्या पोर्फिरीने त्याला कसं घेरलं, वगैरे. पण त्या घरात खून दोन झाले. दुसरा लिझावेताचा. मला इथे तिच्याबद्दल बोलायचं आहे.

लिझावेता म्हातारीची सावत्र बहीण. उंच, बुजरी, भोळी. बहिणीच्या घरात दिवसरात्र राबायची आणि वर तिचा मार खायची. रास्कोल्निकोव्हच्या बेतात ती कुठेच नव्हती. उलट, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ती घरी नसेल हे बाजारातून जाताना त्याच्या कानावर पडलं, म्हणून तर त्याने ती वेळ धरली. दार उघडं राहिलं होतं, ती आत आली. म्हातारीला त्याने कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने मारलं होतं, लिझावेताला धारेने मारलं. ती ओरडलीसुद्धा नाही. डावा हात जरासा पुढे केला, त्याला दूर सारावं तसा, एवढंच.

पुढे तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे तो तापल्या डोक्याने पडलेला असतो. म्हातारीबद्दलचा संताप उसळत असतो आणि मध्येच लिझावेता आठवते. त्याचं त्यालाच नवल वाटतं, की आपण हिचा विचार जवळजवळ करतच नाही, जणू हिला मारलंच नाही. मला हे सबंध कादंबरीतलं सगळ्यात भयंकर वाक्य वाटतं. प्रत्यक्ष खुनाच्या प्रसंगाहूनही.

आता महाभारतात या. आदिपर्व, वारणावतचं लाक्षागृह. कुंतीने त्या दिवशी ब्राह्मणभोजन घातलं. अन्नाच्या आशेने एक निषादी, म्हणजे निषाद जमातीतली बाई, आपल्या पाच मुलांना घेऊन आली, ती सगळी मद्य पिऊन तिथेच झोपली. रात्री भीमाने आग लावली आणि कुंती व पाच भाऊ भुयारातून निघून गेले. सकाळी लोकांना एका बाईचा आणि पाच मुलग्यांचा जळालेला देह सापडला. पांडव गेले म्हणून गावाने टाहो फोडला, हस्तिनापुरात धृतराष्ट्राने उदकक्रिया केली. म्हणजे त्या निषादीला आणि तिच्या मुलांना पाणी मिळालं तेही दुसऱ्यांच्या नावाने. तिचं स्वतःचं नाव महाभारतात येत नाही. मुलांचीही नाही.

या दोन बायका मी शेजारी ठेवतो आहे, कारण दोघी मारणाऱ्याच्या मनातून एकाच प्रकारे नाहीशा झाल्या. म्हातारीशी रास्कोल्निकोव्हचं भांडण आहे, तिच्याबद्दल त्याच्याकडे अख्खा सिद्धांत आहे. पांडवांचं वैर लाक्षागृह बांधणाऱ्या पुरोचनाशी आहे, दुर्योधनाशी आहे. शत्रू लक्षात राहतो. मध्ये आलेलं माणूस लक्षात राहत नाही.

इथे मानसशास्त्रातला एक फरक मला फार उपयोगी पडतो. हेलन ब्लॉक लुईस या मनोविश्लेषक बाईंनी १९७१ साली अपराधभाव आणि लाज यांच्यात रेघ ओढली. लाजेत माणसाचं लक्ष स्वतःवर असतं : मी कसा निघालो. अपराधभावात ते कृत्यावर असतं : मी काय केलं. ही रेघ हातात घेऊन रास्कोल्निकोव्ह पुन्हा वाचला, तर तो पाचशे पानं जे भोगतो त्यातलं बहुतेक लाजेचं आहे. आपण नेपोलियन नाही, आपणही बाकीच्यांसारखी एक क्षुद्र ऊच आहोत, हे त्याला सहन होत नाही. चौकात गुडघे टेकून, जमिनीचं चुंबन घेऊन, पोलिसांसमोर कबुली देऊनसुद्धा तो सायबेरियात जातो तेव्हा उपसंहारात लेखक स्पष्ट सांगतो की त्याच्या सदसद्विवेकाला त्याच्या भूतकाळात फारसा भयंकर गुन्हा सापडला नाही, सापडली ती एक साधी फसगत. आठ वर्षांची सक्तमजुरी, आणि खंत कशाची, तर आपण इतक्या मूर्खपणे संपलो याची.

माझं म्हणणं असं, की कबुली, अश्रू, झोप उडणं, शिक्षा मागून घेणं यातलं काहीही पश्चात्तापाचा पुरावा नाही. पुरावा एकच. ज्याचं आपल्या गोष्टीत काही स्थान नव्हतं तो जीव मारणाऱ्याला दिसू लागला का? या कसोटीवर मोठमोठी पात्रं नापास होतात असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? फक्त याच दोन ग्रंथांपुरतं बोलायला हवं असं नाही.

रानजाई

मांडणी पटली, पण रास्कोल्निकोव्हवर अन्याय होतो आहे. त्याहून जास्त दस्तयेव्हस्कीवर.

लिझावेता नाहीशी होते ती रास्कोल्निकोव्हच्या मनातून. कादंबरीतून ती जात नाही, कारण लेखक तिला सोन्या नावाच्या मुलीच्या घरात ठेवतो, जिच्यावर पुढे रास्कोल्निकोव्हचं प्रेम बसतं. सोन्या आणि लिझावेता मैत्रिणी होत्या, एकत्र बसून वाचायच्या. लाझारस मेलेला उठतो तो भाग सोन्या ज्या पुस्तकातून रास्कोल्निकोव्हला वाचून दाखवते, ते बायबल लिझावेतानेच तिला आणून दिलेलं असतं. खुन्याच्या हातात आधी तेच पुस्तक येतं, आणि ते कोणाचं हे त्याला तिथेच कळतं. पुढे सोन्या त्याला लाकडी क्रूस देते आणि स्वतः तांब्याचा घालते, तो लिझावेताचा. दोघींनी आपसांत अदलाबदल केलेली.

आणि कबुलीचा प्रसंग. तो सोन्याला नावाने सांगतच नाही, ओळख म्हणतो. ती ओळखते, हात पुढे करून मागे सरते, आणि त्या क्षणी त्याला तिच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो. तोच लहान मुलासारखा घाबरलेला चेहरा, तसाच पुढे आलेला हात. तुमची कसोटी तो तिथे, एका क्षणापुरती का होईना, उतरतो. टिकत नाही हे मान्य. पण लेखकाने रचना अशी केली आहे की सोन्यावर प्रेम करायचं तर लिझावेताला ओलांडून जाता येत नाही. म्हणून उपसंहारात तो सोन्याच्या पायांशी कोसळतो तेव्हा मला तो नापास वाटत नाही. त्याचा अभ्यास तिथे सुरू होतो.

तत्त्वज्ञानातून लेव्हिनास इथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्याचा जन्म १९०६ सालचा, लिथुआनियातल्या काऊनासचा. रशियन कादंबऱ्यांवर वाढलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या युद्धकैदेत होता आणि लिथुआनियातलं त्याचं कुटुंब नाझींनी मारलं. त्याच्या सगळ्या नीतिविचाराचा पाया दुसऱ्याचा चेहरा हा आहे. नियम, कर्तव्य, हिशेब सगळं नंतर. आधी समोरचा चेहरा, आणि तो चेहराच सांगतो की मला मारू नकोस. 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मधला एक विचार तो पुन्हा पुन्हा सांगायचा : आपण सगळे सगळ्यांपुढे, सगळ्यासाठी अपराधी आहोत, आणि मी इतरांहून जास्त. लिझावेताचा तो पुढे आलेला हात लेव्हिनासच्या आधी शंभर वर्षं त्याचंच तत्त्वज्ञान सांगतो आहे.

साधा वाचक

निषादीबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो, 'पांडव वाचले' म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. ती सहा माणसं ऐकणाऱ्याच्याही मनातून जातात, हे तुमच्या मांडणीत यायला हवं होतं.

पण युधिष्ठिराच्या बाजूने बोलणं भाग आहे. शांतिपर्वाची सुरुवात काढून पाहा. युद्ध जिंकलेला राजा सिंहासनावर बसायला तयार नाही. भाऊ समजावतात, द्रौपदी चिडते, व्यास आणि कृष्ण उपदेश करतात. त्याच्या शोकात माणसं नावानिशी येतात : अभिमन्यू, द्रौपदीचे मुलगे, भीष्म. द्रोणांबद्दल तो म्हणतो की गुरूने माझ्यावर विश्वास ठेवून खरं काय ते विचारलं आणि मी हत्तीच्या आड लपून खोटं बोललो. कर्णाबद्दल तर अंगावर काटा येतो. तो सांगतो, की द्यूतसभेत कर्णाची कडवी वाणी ऐकून मला राग यायचा, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग विरायचा, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसायचे. असं का, हे तेव्हा कळलं नव्हतं. हे दुसऱ्याला पाहणं नाही तर काय आहे?

तिसरा प्रहर

@साधा वाचक, युधिष्ठिर मलाही त्या सगळ्यांत उंच वाटतो. त्याची यादी खरी आहे, प्रत्येक नावामागे प्रसंग आहे. म्हणूनच त्या यादीत जे नाही ते टोचतं. वारणावत नाही. पायांवरून कर्ण त्याला दिसला, कारण ते पाय आईसारखे होते. निषादीचे पाय कोणासारखे असणार?

महाश्वेता देवींची बंगालीत एक कथा आहे, कुंती आणि निषादी यांची. म्हातारी कुंती वनात आहे आणि कर्णाबद्दलचं ओझं मोकळं करते आहे. एक निषादीण ते ऐकत असते. मग ती कुंतीला विचारते की तुझा सगळ्यात मोठा गुन्हा तर तू बोललीच नाहीस. आणि कुंतीला तो आठवतही नसतो. मूळ महाभारतात आश्रमवासिकपर्वात कुंती, गांधारी आणि धृतराष्ट्र वणव्यात जळून मरतात हे लक्षात घ्या. आगीपासून आगीपर्यंतची ती रेघ व्यासांच्या ग्रंथात आहेच. कोणीतरी निषादांच्या बाजूने उभं राहून पाहिल्यावर ती ठळक झाली.

पिंपळपान

मी समुपदेशनाच्या कामात आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहायलाच हवं.

लुईस यांच्यानंतर जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या फरकावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या अभ्यासांचा गाभा असा : लाजेत बुडालेला माणूस लपतो किंवा चिडतो. 'मी वाईट' हे इतकं असह्य होतं की दोष दुसऱ्यावर ढकलला जातो. 'मी वाईट केलं' असं म्हणणाऱ्याला मात्र समोरच्याची वेदना कळण्याची आणि भरपाई करण्याची शक्यता जास्त. रास्कोल्निकोव्ह म्हातारीवर मेल्यानंतरही का भडकतो, ती जिवंत झाली तर पुन्हा मारेन असं त्याला का वाटतं, याचं उत्तर यात आहे. त्याची लाज संतापाचं रूप घेऊन बाहेर येते.

'ऊ' या शब्दाकडेही पाहा. बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने माणूस आपल्या विवेकाला कसा बाजूला ठेवतो याच्या युक्त्या सांगितल्या आहेत : उदात्त हेतू दाखवणं, कृत्याला सौम्य नाव देणं, जबाबदारी वाटून टाकणं, परिणाम न पाहणं, आणि समोरच्याला माणसांतून काढून टाकणं. रास्कोल्निकोव्ह म्हातारीच्या बाबतीत यातलं पुष्कळ काही करतो. पण लिझावेतासाठी त्याच्याकडे यातली एकही युक्ती नाही. तिला ऊ म्हणता येत नाही, तिच्या मरणाने कोणाचं भलं होणार होतं असंही म्हणता येत नाही. म्हणून उरतो तो एकच मार्ग, आठवायचंच नाही. तुम्ही ज्याला निर्दयपणा समजता आहात त्यात मला थोडी भीतीही दिसते. तिला आठवलं तर सिद्धांत एका क्षणात कोसळेल.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तुमची कसोटी रोज वापरली जाते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी यादीची आहे. ज्यांना ज्यांना आपण दुखावलं त्यांची नावं लिहायची आणि भरपाईची तयारी करायची. नवव्या पायरीत शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई, पण त्यामुळे त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर नाही. हा शेवटचा अपवाद मला फार शहाणा वाटतो. स्वतःचं मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन रडणं ही भरपाई नव्हे. यादी करताना बायको, आई, भाऊ, साहेब ही नावं पटापट येतात. जे नाव उशिरा येतं ते बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात गप्प माणसाचं असतं. ते येतं तेव्हा खोलीतला प्रत्येक जण ओळखतो की काहीतरी हललं.

एका मुद्द्यावर मात्र माझा विरोध आहे. लाजेला इतकं खाली ढकलू नका. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 'शेम अँड नेसेसिटी' (१९९३) मध्ये ग्रीक शोकांतिकांतून उलटं मांडलं आहे. त्याच्या मते लाजेत अपराधभाव समजून घेण्याची ताकद असते, कारण मी काय केलं हे कळायला मी कोण आहे हे कळावं लागतं. 'माझ्या हातून असं घडू शकतं' हे ज्याला कधी झोंबलंच नाही, त्याचा अपराधभाव नुसता हिशेब होतो. युधिष्ठिर गादीवर बसत नाही ती लाज आहे, आणि ती चांगली लाज आहे.

निळावंती

पिंपळपान ताई, 'दुसऱ्याच्या दारात जाऊन रडणं' वाचल्यावर लगेच फ्रेंच लेखक कामूच्या 'द फॉल'मधला क्लामान्स आठवला. १९५६ ची कादंबरी. हा धागा त्याच्याशिवाय अपुरा राहील.

क्लामान्स पॅरिसचा नावाजलेला वकील, गरिबांचे खटले लढणारा, आंधळ्यांना रस्ता ओलांडून देणारा. एका रात्री पुलावरून जाताना कठड्याशी वाकलेली एक तरुणी त्याला दिसते. तो पुढे जातो. मागे पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो, मग प्रवाहाबरोबर दूर जात राहिलेली किंकाळी. तो थांबतो, पण वळत नाही. कोणाला सांगत नाही. पुढचे काही दिवस वर्तमानपत्र वाचत नाही.

आता तो अ‍ॅमस्टरडॅमच्या एका दारूच्या गुत्त्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपली पापं सांगतो. सबंध पुस्तक म्हणजे त्याची कबुली आहे. आणि ती इतकी सुंदर, इतकी चतुर आहे की ऐकणारा हळूहळू स्वतःलाच अपराधी समजू लागतो. त्याला तेच हवं आहे. आधी स्वतःला दोषी म्हणायचं, म्हणजे मग सगळ्यांचा न्याय करायला मोकळा. कबुली हेच त्याचं हत्यार.

आणि ती मुलगी? तिचं नाव, चेहरा, ती कोण होती, का उडी मारली, यातलं काही तो शोधत नाही. शेवटी तो तिला म्हणतो की पुन्हा एकदा उडी मार, म्हणजे आपल्या दोघांना वाचवायची संधी मला मिळेल. आणि लगेच त्याच दमात स्वतःला दिलासा देतो की आता उशीर झाला आहे, नेहमीच उशीर झालेला असेल, हे बरंच. रास्कोल्निकोव्ह लिझावेताला विसरतो. क्लामान्स त्या मुलीला विसरत नाही, वापरतो. मला दुसरं जास्त वाईट वाटतं. म्हणजे तिसरा प्रहर, तुमच्या कसोटीत नुसतं आठवणं पुरेसं नाही.

अजून एक. क्लामान्सने कोणाला मारलेलं नाही. कायद्याने तो निर्दोष. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६ मध्ये जर्मनांच्या अपराधाबद्दल लिहिलं तेव्हा चार प्रकार वेगळे केले : कायद्याचा अपराध, राजकीय, नैतिक, आणि चौथा, ज्याला तो पारमार्थिक म्हणतो. दुसऱ्यांना मारलं जात असताना मी जिवंत राहिलो, एवढ्यानेच येणारा. यास्पर्सची बायको ज्यू होती, नाझी काळ दोघांनी जीव मुठीत धरून काढला होता, त्यामुळे हे त्याने पुस्तकी शहाणपणातून लिहिलेलं नाही. या चौथ्या अपराधाला कुठलंही न्यायालय नाही. लाक्षागृहातून वाचलेल्या नकुल-सहदेवांचा अपराध कोणता म्हणायचा? आग त्यांनी लावली नाही, पण वाचले ते त्या आगीतूनच.

रानजाई

नकुल-सहदेवांचा प्रश्न फार चांगला. यावर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

खानदेशी

तुम्ही सगळे विसरलेल्यांबद्दल बोलत आहात. मी अशा अपराध्याबद्दल लिहितो ज्याला विसरू दिलं गेलं नाही. अश्वत्थामा.

आमच्याकडे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीच्या सुमारास, धनत्रयोदशीच्या आसपास, तिथे यात्रा भरते. आदिवासी तरुण पायी रात्ररात्र चढून वर जातात. अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा अशी श्रद्धा. कपाळावरची जखम घेऊन तो तेल मागत फिरतो ही गोष्ट तर महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे, आणि काही घरांत अभ्यंगाच्या वेळी त्याच्या नावाने तेलाचे थेंब जमिनीवर टाकतात. झोपलेल्या मुलांना मारणाऱ्याला लोकांनी तेल दिलं. याचा अर्थ काय लावायचा हे मला अनेक वर्षं पडलेलं कोडं आहे.

सौप्तिकपर्व पुन्हा वाचा. रात्र, वडाचं झाड, झोपलेल्या कावळ्यांवर घुबड झडप घालतं आणि एकेकाला मारतं. अश्वत्थामा ते पाहतो आणि त्याला वाट सापडते. कृप मामा समजावतो, झोपलेल्यांना मारू नये. तो ऐकत नाही. धृष्टद्युम्न शस्त्राने मारण्याची याचना करतो, हा त्याला लाथांनी तुडवून मारतो. मग द्रौपदीचे पाचही मुलगे. शेवटी ब्रह्मशिरास्त्र, जे अर्जुन परत घेऊ शकतो आणि हा घेऊ शकत नाही, म्हणून ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो.

जोनाथन शे नावाचे मनोविकारतज्ज्ञ बॉस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांनी १९९४ मध्ये 'अकिलीस इन व्हिएतनाम' लिहिलं. इलियड या ग्रीक महाकाव्यातला योद्धा अकिलीस आणि आपले रुग्ण त्यांनी शेजारी ठेवले, आणि त्यातून 'नैतिक जखम' ही कल्पना पुढे आली. ज्याच्या हाती अधिकार आहे अशा माणसाने, जिवावरच्या प्रसंगी, जे न्याय्य आहे त्याचा विश्वासघात केला की सैनिकाच्या आतलं काहीतरी तुटतं. त्यावर जवळच्या माणसाचा मृत्यू पडला की तो बेभान होतो, माणूसपणाच्या बाहेर जातो. अकिलीसचा अपमान त्याच्याच सेनापतीने, अगामेम्नॉनने केला, मग जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेला, मग त्याला मारणाऱ्या हेक्टरच्या प्रेताची विटंबना.

अश्वत्थाम्याला हे शब्दशः लागू पडतं. ज्याचा रथ सत्यामुळे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, त्या युधिष्ठिराच्या शब्दावर बापाने शस्त्र ठेवलं आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. धर्मवीर भारतींनी १९५४ च्या 'अंधा युग' या हिंदी नाटकात नेमकं हेच पकडलं : त्या अर्धसत्याने या मुलातला माणूस मारला, उरलं ते जनावर. यामुळे त्याचं कृत्य माफ होत नाही, शेही आपल्या सैनिकांची कृत्यं माफ करत नाहीत. पण तिसरा प्रहर, तुमच्या कसोटीत मारणारा एकटा उभा आहे. त्याच्या मागे कोण उभं होतं हेही विचारायला हवं. रास्कोल्निकोव्हचं डोकं सिद्धांताने बिघडलं, अश्वत्थाम्याचं डोकं दुसऱ्याच्या पापाने.

पिंपळपान

@खानदेशी, शे यांच्यानंतर ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही कल्पना रुंद केली. दुसऱ्याने केलेल्या विश्वासघाताबरोबर स्वतःच्या हातून घडलेलं, थांबवता न आलेलं, नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं, हे सगळं त्यात आलं. क्लामान्स 'थांबवता न आलेलं' मध्ये येतो. निळावंती, तुमच्या नकुल-सहदेवांनाही इथे जागा आहे.

तेलाबद्दल : जखम बरी होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही लोक तेल देतात. आमच्या कामात याहून जास्त काही करता येत नाही असे रुग्ण असतात. त्यामुळे मला ते कोडं वाटलं नाही.

तिसरा प्रहर

निळावंती आणि खानदेशी, दोघांच्या मुद्द्यांमुळे कसोटी अधिक नेमकी करता येते.

पहिलं. दिसणं म्हणजे आठवणं नव्हे, हे क्लामान्सवरून मान्य. दुसरा जीव माझ्या गोष्टीतलं पात्र म्हणून आठवतो की स्वतःच्या आयुष्याचा मालक म्हणून, हा खरा फरक. तिला घरी जायचं होतं, तिला भूक लागली होती, तिला कोणीतरी मैत्रीण होती. निषादी अन्नासाठी आली होती, हा तपशील महाभारताने ठेवला आहे. तेवढा एक धागा तिच्या स्वतःच्या आयुष्याचा.

दुसरं. पिंपळपान यांनी विल्यम्सचा उल्लेख केला, त्याचाच आणखी एक विचार इथे हवा. एक ट्रकचालक, काही चूक नसताना, त्याच्या गाडीखाली मूल येतं. आपण सगळे त्याला सांगतो की तुझा दोष नाही, आणि ते खरंच असतं. तरी तो दुसऱ्याच मिनिटाला 'बरोबर, माझा दोष नाही' म्हणून जेवायला बसला तर आपल्याला धक्का बसेल. आपल्या हातून घडलेल्याचं दुःख बघ्याच्या दुःखाहून वेगळं असतं, दोष असो वा नसो. नकुल-सहदेवांकडून मला कबुली नको आहे. हे दुःख हवं आहे. ते ग्रंथात नाही, आणि म्हणूनच मला वाचकांच्या बाजूने ते भरून काढावंसं वाटतं.

अश्वत्थाम्याबद्दल : त्याच्या मागे युधिष्ठिर उभा आहे हे पूर्ण मान्य. पण द्रौपदीच्या मुलांनी द्रोणांचं काय केलं होतं? विश्वासघात झालेला माणूस शेवटी खाली, झोपलेल्यावरच हात टाकतो.

साधा वाचक

द्रौपदीचा विषय निघालाच आहे तर. महाभारतात ती अश्वत्थाम्याच्या मृत्यूसाठी उपोषणाला बसते, त्याच्या मस्तकावरचा मणी मिळाल्यावर शांत होते आणि गुरुपुत्र गुरूसारखाच म्हणून सोडून देते. भागवतात, पहिल्या स्कंधात, प्रसंग वेगळा आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून तिच्यासमोर आणतो. पाच मुलांची प्रेतं पाहिलेली आई म्हणते, सोडा याला. मुलं गेल्यामुळे मी जशी रडते आहे तशी याची आई गौतमी रडायला नको.

इथे कसोटी उलटी फिरली. अपराध्याने पीडिताला पाहावं असं आपण म्हणत होतो. पीडितेनेच अपराध्याच्या मागे उभी असलेली एक बाई पाहिली, जी या सगळ्यात कुठेच नव्हती.

खानदेशी

इलियडच्या शेवटच्या, चोविसाव्या सर्गात असंच आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम रात्री एकटा अकिलीसच्या तंबूत येतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, म्हणतो. अकिलीसला बाप आठवतो आणि दोघं एकत्र रडतात, आपापल्या माणसांसाठी. हेक्टरचं प्रेत परत मिळतं. द्रौपदी आई होऊन गौतमीला पाहते, अकिलीस मुलगा होऊन प्रायमला पाहतो.

तिसरा प्रहर

दोन्ही प्रसंग थोर आहेत, त्यात वाद नाही. पण प्रायम राजा आहे आणि गौतमी कुरूंच्या आचार्यांची पत्नी. त्यांचं दुःख द्रौपदीला आणि अकिलीसला ओळखीचं वाटावं अशी त्यांची जागा आधीपासूनच आहे. आईपण आणि बापपण त्या जागेवरून पोचलं. कुंतीही पाच मुलांची आई होती, निषादीही पाच मुलांची आई. सारखेपणा याहून पूर्ण असू शकत नाही, आणि तो सारखेपणाच तर उपयोगी पडला : एक बाई, पाच मुलगे, देह मोजून जुळले. तिथे आईपण का पोचलं नाही, या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकात शोधण्याआधी कुळ आणि जात यांच्यात शोधायला हवं असं मला वाटतं.

खानदेशी

मग एकलव्य आणावा लागेल. तोही निषादच, आणि द्रोणांनी अंगठा मागितला तो अर्जुनासाठी. द्रोणपर्वात घटोत्कच पडल्यावर कृष्ण अर्जुनाला मोकळेपणाने सांगतो की जरासंध, शिशुपाल आणि नैषादी एकलव्य हे सगळे तुझ्या हितासाठीच मारले गेले. अर्जुन त्यावर एकलव्याबद्दल एक शब्द बोलत नाही. वारणावतची निषादी आणि हा निषादपुत्र एकत्र ठेवून कोणी आदिपर्व ते द्रोणपर्व नीट लावून दाखवणार असेल तर मी मूळ श्लोक काढून द्यायला तयार आहे. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती माझ्याकडे आहे.

रानजाई

मी करते. आदिपर्वातला लाक्षागृहाचा भाग आणि एकलव्याचा भाग दोन्ही पाठवा, शक्य असेल तर पाठभेदांच्या टिपांसकट. निषादी जेवायला आपणहून आली की बोलावली गेली, हे आधी तपासायचं आहे.